‘दिसणे’ आणि ‘पाहणे’ : बरोक चित्रकलेतील विवस्त्र स्त्री आणि स्त्रीवादी समीक्षा

१

डोळ्यांच्या व्यापारासाठी मराठीत दोन प्रमुख क्रियापदे आहेत : ‘दिसणे’ आणि ‘पाहणे’. व्यवहारात आपण ती इतक्या सहजपणे वापरतो की, त्यांतील अंतराकडे सहसा आपले लक्ष जात नाही. ‘मी चंद्र पाहिला’ या वाक्यात पाहण्याची क्रिया मी केली. ती माझ्या इच्छेने झाली आणि तिचा जबाबदार मी. ‘मला चंद्र दिसला’ या वाक्यात मात्र व्याकरणदृष्ट्या कर्ता चंद्र आहे. मी केवळ चतुर्थीत उभा आहे. माझ्याकडून काही घडलेले नाही, मला काही घडले आहे. म्हणूनच ‘मी मुद्दाम पाहिले’ असे म्हणता येते, ‘मला मुद्दाम दिसले’ असे म्हणता येत नाही. ‘दिसणे’ हे क्रियापद संस्कृत ‘दृश्यते’ या कर्मणी रूपापासून प्राकृताच्या द्वारे मराठीत आले, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. मुळात त्या रूपामागे कोणीतरी पाहणारा होता. भाषेच्या प्रवासात तो गळून पडला, आणि जे पाहिले जात होते तेच कर्त्याच्या जागी येऊन बसले.

याही पुढची एक पायरी आहे. ‘ती सुंदर दिसते’ या वाक्यात पाहणाऱ्याची चतुर्थीदेखील उरत नाही. कोणाला दिसते, कोठून दिसते, कोणत्या अधिकाराने दिसते, यांपैकी कोणताही प्रश्न हे वाक्य उपस्थित होऊ देत नाही. सौंदर्य हा जणू त्या स्त्रीचाच गुण आणि तो प्रकट करणे ही तिचीच क्रिया होय, असा या रचनेचा अर्थ होतो.

काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गात वाक्यरचनेचा हा भाग शिकविताना प्रस्तुत लेखकाने विद्यार्थ्यांसमोर एका चित्राची प्रतिकृती ठेवली आणि चित्रात काय आहे ते एका वाक्यात लिहावयास सांगितले. चित्रात एक विवस्त्र स्त्री व दोन वयस्क पुरुष होते. बहुतेक वाक्यांची धाटणी ‘एक नग्न स्त्री दिसते, तिच्या मागे दोन पुरुष आहेत’ अशी होती. एका विद्यार्थिनीने मात्र लिहिले : ‘दोन म्हातारे एका बाईला पाहत आहेत आणि तिला ते नको आहे.’ दोन्ही वाक्यांत वर्णिलेल्या वस्तू त्याच. परंतु क्रियापद बदलताच चित्राचा विषयच बदलला. सतराव्या शतकातील बरोक चित्रांविषयी स्त्रीवादी समीक्षेने जे म्हटले आहे, त्याचे सार या दोन वाक्यांतील फरकात सामावलेले आहे, असे आम्हांस वाटते. ही समीक्षा म्हणजे परकीय चित्रांविषयीचे परकीय भांडण नव्हे, हेही मराठी क्रियापदांच्या आधारे दाखविता येईल. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच आहे.

२

वर्गात दाखविलेले चित्र सुझॅनाच्या कथेवरचे होते. ही कथा कॅथलिक बायबलातील दानीएलाच्या ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात येते. प्रॉटेस्टंट परंपरा ती मूळ ग्रंथाचा भाग मानीत नाही. बाबिलोनमधील एका प्रतिष्ठित गृहस्थाची पत्नी सुझॅना आपल्या बागेत स्नानास येते. तेथे लपून बसलेले दोन वृद्ध न्यायाधीश तिला गाठतात. आमची इच्छा पुरी कर, नाहीतर परपुरुषाबरोबर आम्ही तुला पाहिले अशी साक्ष देऊ, असे ते धमकावतात. ती नकार देते. खोट्या साक्षीवरून तिला देहदंड होतो. तेव्हा तरुण दानीएल पुढे येऊन त्या दोघांची वेगवेगळी उलटतपासणी घेतो : तुम्ही तिला कोणत्या झाडाखाली पाहिले? दोघे दोन निरनिराळ्या झाडांची नावे सांगतात आणि खोटेपणा उघडकीस येतो.

भाषेच्या अभ्यासकास या कथेत एक जुनी गंमत ठाऊक असते. ग्रीक पाठात त्या दोन झाडांच्या नावांवर आणि दानीएलाने उच्चारलेल्या शिक्षांच्या क्रियापदांवर श्लेष साधलेला आहे. या श्लेषावरूनच, ही कथा मुळात ग्रीक भाषेत रचली गेली असावी, असा तर्क तिसऱ्या शतकात जूलियस आफ्रिकानस याने ऑरिजेनला लिहिलेल्या पत्रात मांडला होता. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. दानीएल सुझॅनाला काहीच विचारीत नाही. तो पाहणाऱ्यांना त्यांच्या पाहण्याविषयी विचारतो. ‘ती दिसली’ या वाक्याचे तो ‘तुम्ही पाहिले, ते कोठून, कसे?’ या वाक्यात रूपांतर करतो आणि त्या रूपांतरातच न्याय होतो.

चित्रकारांनी मात्र या न्यायाच्या प्रसंगापेक्षा स्नानाचा प्रसंग अधिक पसंत केला. त्याची कारणे उघड आहेत. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये धार्मिक चित्रांतील कामोद्दीपक सौंदर्यावर आक्षेप घेतला होता. अशा काळात बायबलातील किंवा पुराणातील कथा हा विवस्त्र स्त्रीदेह रंगविण्यासाठी सोयीचा आधार होता. विषय धर्माचा, रुची आश्रयदात्याची. तिंतोरेत्तोचे १५५५च्या सुमाराचे व्हिएन्ना येथील चित्र बरोक कालखंडाच्या आधीचे असले, तरी पुढील परंपरेचा नमुना म्हणून पाहण्याजोगे आहे. त्यात सुझॅना आरशात आपले रूप निरखीत बसली आहे. जवळ कंगवा आणि मोती पडले आहेत. कुंपणाआडून म्हातारा डोकावतो आहे. ती स्वतःच स्वतःला न्याहाळीत असल्याने आपण तिला न्याहाळण्यात गैर काय, असा दिलासा तो आरसा प्रेक्षकाला देतो. पुढे रूबेन्स, गीदो रेनी इत्यादींनी हाच विषय हाताळला. साधारणतः १६०० ते १७५० हा बरोक कलेचा काळ. तीव्र छायाप्रकाश, गतिमान देह आणि प्रेक्षकाला प्रसंगात ओढून घेणारी नाट्यमय मांडणी ही तिची वैशिष्ट्ये होत. प्रेक्षकाला आत ओढणारी ही शैली विवस्त्र स्त्रीच्या चित्रात योजली, म्हणजे प्रेक्षक कोणाच्या जागी उभा राहतो, हा प्रश्न अटळ होतो.

३

या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर आर्तेमिझिआ जेंतिलेस्की हिच्या १६१०च्या ‘सुझॅना आणि वृद्ध’ या चित्रात मिळते. हे चित्र आज जर्मनीतील पोमर्सफेल्डेन येथे आहे. १५९३ मध्ये जन्मलेली आर्तेमिझिआ त्या वेळी जेमतेम सतरा वर्षांची होती आणि रोममध्ये आपले वडील ओरात्सिओ यांच्या कार्यशाळेत शिकत होती.

या चित्रात बाग नाही, कारंजे नाही, आरसा नाही, मोतीही नाहीत. एक कठीण दगडी बैठक आहे. तिच्यावर बसलेल्या सुझॅनाचे अंग पिळवटले आहे, मान एकीकडे वळली आहे, आणि दोन्ही हात आलेल्या संकटाला मागे लोटण्यासाठी उचललेले आहेत. वर दगडी कठड्यावर दोघे पुरुष एकमेकांशी कुजबुजत तिच्या अंगावर ओणवले आहेत. त्यांच्या आकृतींचा भार चित्राच्या वरच्या अर्ध्या भागातून खाली येतो, तेव्हा तिला सरकावयास जागा उरत नाही. तिचा देह विवस्त्र आहे, पण तो दाखविलेला नाही. तो गाठलेला आहे. मराठीत ‘पाहणे’ याचे ‘पाहवत नाही’ असे एक शक्यार्थक रूप आहे. डोळे असून, समोर दृश्य असून, मनाने घेतलेली माघार त्यातून व्यक्त होते. तिंतोरेत्तोचा प्रेक्षक पाहत राहतो. आर्तेमिझिआच्या प्रेक्षकाला पाहवत नाही, किंवा निदान आपण पाहत आहोत याची जाणीव त्याला टाळता येत नाही.

येथे एक सावधगिरी बाळगणे अवश्य आहे. १६११ मध्ये आगोस्तिनो तास्सी या चित्रकाराने आर्तेमिझिआवर बलात्कार केला. १६१२ मध्ये खटला चालला, आणि साक्षीची सत्यता पडताळण्यासाठी तिच्या बोटांना दोऱ्या आवळून यातना देण्यात आल्या. या भयंकर हकीगतीमुळे तिची सर्व चित्रे आत्मचरित्र म्हणून वाचण्याचा मोह होतो. परंतु सुझॅनाचे चित्र त्या घटनेच्या आधीचे आहे. शिवाय, पुरुष चित्रकाराच्या कृतीत रचना शोधावयाची आणि स्त्री चित्रकाराच्या कृतीत केवळ जखम शोधावयाची, हाही एक पक्षपातच होय. ग्रिझेल्डा पोलक यांनी या मोहाविरुद्ध दिलेला इशारा योग्य आहे. आर्तेमिझिआच्या चित्राचे सामर्थ्य तिच्या दुःखात नसून, रूढ प्रसंगाची मांडणी तिने बदलली यात आहे.

४

स्त्रीवादी समीक्षेचा सैद्धांतिक क्रम थोडक्यात पाहू. १९५६ मध्ये केनेथ क्लार्क यांनी कलेतील नग्नतेवरील आपल्या ग्रंथात, वस्त्रावाचून उघडे पडणे आणि कलेने संस्कारित केलेली आदर्श नग्नता, असा भेद केला. इंग्रजीत त्यासाठी दोन शब्द आहेत. एकात संकोच आहे, दुसऱ्यात प्रतिष्ठा. १९७२ मध्ये जॉन बर्जर यांनी हाच भेद उलटा केला. त्यांच्या मते उघडे असणे म्हणजे स्वतः असणे. आणि ती तथाकथित आदर्श नग्नता म्हणजे दुसऱ्याच्या डोळ्यांसाठी मांडले जाणे, किंबहुना एक प्रकारचा वेषच. त्यापूर्वी १९७१ मध्ये लिंडा नॉक्लिन यांनी, थोर स्त्री चित्रकार का झाल्या नाहीत, या प्रश्नाला प्रतिभेच्या क्षेत्रातून उचलून संस्थांच्या क्षेत्रात आणले. मानवी देहाचे रेखन हा युरोपीय कलाशिक्षणाचा पाया होता. परंतु १८९३ पर्यंत लंडनच्या रॉयल अकॅडमीत विद्यार्थिनींना नग्न मॉडेलवरून अभ्यास करण्याची मुभा नव्हती, आणि त्यानंतरही मॉडेलचा देह अंशतः झाकलेला असे. म्हणजे स्त्रीने पाहिले जावे, पण पाहू नये, हा केवळ चित्रातील संकेत नव्हता. तो अभ्यासक्रमाचा नियम होता. या पार्श्वभूमीवर १६१६ मध्ये फ्लॉरेन्सच्या कला-अकादमीत आर्तेमिझिआला पहिली स्त्री सदस्य म्हणून मिळालेल्या प्रवेशाचे मोल ध्यानात येते. १९८९ मध्ये मेरी गॅरार्ड यांनी तिच्यावर विस्तृत ग्रंथ लिहिला आणि सुझॅनाच्या चित्राला या चर्चेच्या केंद्रस्थानी आणले.

या समीक्षेवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : मग सर्व नग्नचित्रे निषिद्ध ठरवावयाची काय? १० मार्च १९१४ रोजी लंडनच्या नॅशनल गॅलरीत मेरी रिचर्डसन या मताधिकारवादी स्त्रीने बेलाथ्केथच्या आरशातील व्हीनसच्या चित्रावर सुऱ्याने वार केले. एमेलीन पँखर्स्ट यांच्या अटकेचा निषेध हे त्या वेळचे कारण होते. पुढे १९५२ मध्ये तिने, पुरुष दिवसभर त्या चित्राकडे टक लावून पाहतात हे आपणास आवडत नव्हते, असेही सांगितले. तिचे निरीक्षण अचूक होते, परंतु सुरा पाहणाऱ्यांऐवजी चित्रावर चालला. हीच चूक उलट्या बाजूने सोवळेपणाही करतो. आर्तेमिझिआने १६१६ मध्ये फ्लॉरेन्समधील बुओनार्रोती यांच्या घरासाठी एक विवस्त्र आकृती रंगविली. त्याच शतकाच्या अखेरीस त्या घराण्याच्या वारसाने ती दुसऱ्या चित्रकाराकडून रंगाच्या वस्त्राने झाकून घेतली. ते आवरण चित्रावर आजही आहे. अलीकडच्या जतनकार्यात त्याखालचे मूळ रूप केवळ यंत्रांच्या साहाय्याने उलगडण्यात आले. चित्र फाडणारा हात आणि चित्र झाकणारा हात, दोघांचेही व्याकरण ‘दिसणे’ याचेच आहे. दोघांनाही दोष दिसणाऱ्या वस्तूत आढळतो; पाहणारा सुटून जातो.

स्त्रीवादी समीक्षेचे खरे कार्य याहून वेगळे आहे. ती चित्र काढून टाकावयास सांगत नाही. वाक्यातून गळालेला पाहणारा परत आणावयास सांगते. आणि हे काम काही पुरुष चित्रकारांनीही केले आहे, हे मान्य केल्याने तिची बाजू दुबळी होत नाही. हेग येथील १६३६च्या चित्रात रेम्ब्रँटची सुझॅना दचकून थेट आपल्याकडे पाहते. म्हणजे तिसरा म्हातारा आपण आहोत. लूव्र येथील १६५४च्या चित्रात त्याची बाथशेबा राजा डेव्हिडचे पत्र हातात धरून विचारमग्न बसली आहे. राजा चित्रात नाही. परंतु त्याच्या दृष्टीचे परिणाम तिच्या चेहऱ्यावर आहेत.

५

हा सर्व विचार युरोपातील चित्रशाळांपुरता मर्यादित ठेवण्याचे कारण नाही. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर नृसिंहवाडी आहे. तेथे दर्शनास जाणाऱ्या प्रत्येकाला दत्तजन्माची कथा ठाऊक असते. गुरुचरित्राच्या चौथ्या अध्यायात ती आली आहे. अत्रि ऋषी आश्रमात नसताना ब्रह्मा, विष्णू आणि महेश अतिथींच्या वेषाने येतात आणि अनसूयेने विवस्त्र होऊन आपणांस भोजन वाढावे अशी मागणी करतात. अतिथीला विन्मुख पाठविता येत नाही आणि मागणी तर मान्य करण्याजोगी नाही. अनसूयेच्या तपोबलाने ते तिघे तान्ही बालके होतात. ती त्यांना स्तनपान करविते आणि पाळण्यात निजविते.

सुझॅनाच्या कथेशी हिचे साम्य सहज जाणवते. दोन्हीकडे अधिकारसंपन्न पुरुष आहेत, दोन्हीकडे पतीच्या अनुपस्थितीत घातलेला पेच आहे. भेद मात्र अधिक महत्त्वाचा आहे. सुझॅनाला सोडविण्यासाठी दानीएल लागतो. अनसूया आपली सुटका आपणच करते. आणि ती करताना ती देह झाकीत नाही, मांडीतही नाही. ती पाहणाऱ्यांचे डोळे बदलते. अडचण पाहणाऱ्यांत आहे, दिसणारीत नाही, हा निर्णय आपल्या परंपरेतील एका अत्यंत पूज्य कथेने दिलेला आहे.

परंतु श्रद्धेने ऐकलेल्या कथेलाही समीक्षेचा प्रश्न विचारता येतो. अनसूयेला हे सामर्थ्य पातिव्रत्यातून मिळते, आणि तिचा देह निर्भय होतो तो मातेचा देह होऊनच. जी पतिव्रता म्हणून विख्यात नाही, जी माता नाही, तिच्यासाठी या कथेत कोणती जागा आहे? भाषाही येथे बोलकी आहे. अनसूयेच्या पुत्राला आपण ‘दिगंबर’ म्हणतो. वाडीत त्या नावाचा गजर नित्य चालतो, आणि घराघरांत मुलांना ते नाव ठेवले जाते. पुरुषाच्या विवस्त्रतेला मराठीत असा आदराचा शब्द आहे. स्त्रीसाठी मात्र नेहमीच्या वापरात उरतात ते ‘नग्न’, ‘उघडी’, ‘नागडी’ हे शब्द; त्यांत निंदा तरी आहे किंवा लाज तरी. पुत्राच्या बाबतीत जे वैराग्याचे लक्षण, तेच मातेच्या बाबतीत संकट. आणि आपण दोन्ही एकाच देवळाच्या पायरीवर बसून ऐकतो. दोष सारे स्त्रीच्या माथी आणि कर्तृत्व मात्र पुरुषाचे, या वाटणीला ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्येच ‘स्त्रीपुरुषतुलना’ या पुस्तकात आव्हान दिले होते. म्हणजे हा प्रश्न मराठीला नवा नाही. तो चित्रकलेला लावण्याचे तेवढे राहिले होते.

६

मराठी चित्रकलेत हा प्रश्न कलाशिक्षणाच्या वाटेने आला. १८६७ मध्ये कोल्हापुरात जन्मलेले महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० मध्ये मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले आणि पुढे तेथेच अध्यापक झाले. मराठी स्त्रीची वेशभूषा, चाल आणि ठेवण त्यांच्या इतकी विपुल फार थोड्यांनी रेखाटली असेल. त्यांच्या कन्या अंबिका धुरंधर यादेखील त्याच संस्थेत शिकून चित्रकार झाल्या. १९१९ मध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन त्या संस्थेचे प्रमुख झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत नग्न मॉडेलवरून अभ्यासाचा वर्ग सुरू झाला. युरोपीय अकादमींची शिस्त अशा रीतीने मुंबईत आली. मात्र समोर बसणारी स्त्री कोण, ती का बसते, हा प्रश्न त्या शिस्तीत बराच काळ अनुच्चारित राहिला.

तो उघडपणे विचारला रवी जाधव यांच्या ‘न्यूड’ या मराठी चित्रपटाने. मुलाच्या शिक्षणासाठी कलाशाळेत मॉडेल म्हणून बसणारी यमुना ही त्याची नायिका. ही भूमिका कल्याणी मुळे यांनी केली. २०१७ मध्ये गोव्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासाठी निवड झालेली असताना केंद्रीय मंत्रालयाने तो वगळला. एप्रिल २०१८ मध्ये तो चित्रपटगृहांत आला. चित्रपटाच्या नावालाच इंग्रजी शब्द घ्यावा लागला, ही गोष्ट भाषाभ्यासकाने नोंदवून ठेवण्यासारखी आहे. निंदा किंवा लाज नसलेला शब्द आपल्यापाशी नव्हता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या कथेत मॉडेलसाठी जे क्रियापद येते, ते ‘दिसणे’ही नव्हे आणि ‘दाखविणे’ही नव्हे, ते ‘बसणे’ आहे. तासन्तास न हलता बसणे हे श्रमाचे काम आहे, त्याला मोबदला आहे, आणि त्याचा कर्ता ती आहे. रूबेन्स किंवा रेम्ब्रँट यांच्यासमोर बसलेल्या स्त्रियांविषयी बोलताना हे क्रियापद आपण क्वचितच वापरतो.

विद्यार्थ्यांना व सहकाऱ्यांना एक सूचना करून हा लेख पुरा करतो. मराठी कलासमीक्षेत नग्नचित्रांची जी वर्णने आपण वाचतो व लिहितो, त्यांतील क्रियापदे तपासून पाहावीत. ‘दिसते’, ‘शोभते’, ‘खुलते’ ही अकर्मक क्रियापदे जेथे एकामागून एक येतात, तेथे पाहणारा कोठे उभा आहे ते शोधून वाक्यात लिहावे. तसेच समोर कोण बसली होती, हेही कळत असेल तेथे लिहावे. ही दुरुस्ती व्याकरणाची असल्याने ती करण्यासाठी कोणत्याही मताचा स्वीकार प्रथम करावा लागत नाही. ती केल्यानंतर चित्र पूर्वीइतकेच सुंदर वाटते की नाही, याचा निर्णय ज्याने त्याने स्वतः करावा. त्या वर्गातील विद्यार्थिनीच्या वाक्याखाली आम्ही केवळ ‘वाक्य शुद्ध’ असा शेरा दिला होता. आज तो अपुरा वाटतो. तिने चित्राचे वर्णन इतरांपेक्षा अधिक अचूक केले होते, एवढे तरी तेव्हा लिहावयास हवे होते.